मूल आईचं, म्हणून मालकाचं: अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गुलाम स्त्रिया

१६५५ साली व्हर्जिनियात एलिझाबेथ की नावाच्या बाईने कोर्टात दावा लावला. व्हर्जिनिया तेव्हा इंग्लंडची वसाहत होती. एलिझाबेथची आई आफ्रिकेतून आणलेली गुलाम होती. बाप थॉमस की हा इंग्रज, वसाहतीच्या विधिमंडळात बसलेला. मुलगी आपली असल्याचं त्याने कबूल केलं होतं, तिचा बाप्तिस्मा करवला होता आणि ठरावीक वर्षं चाकरी केल्यावर तिला मोकळं करावं असा करारही करून ठेवला होता. ती वर्षं केव्हाच उलटून गेली. ज्याच्या घरी ती राबत होती तो मालक वारला, तेव्हा त्याच्या मालमत्तेच्या यादीत तिचं नाव गुलामांमध्ये घातलेलं निघालं. तिच्या म्हणण्यातला मुख्य मुद्दा साधा होता: इंग्रजी रिवाजात मूल बापाच्या दर्जाने ओळखलं जातं, माझा बाप स्वतंत्र, म्हणून मीही स्वतंत्र. १६५६ साली ती जिंकली आणि ज्याने तिची बाजू मांडली त्या विल्यम ग्रिन्स्टेडशी तिने लग्न केलं.

यानंतर सहाच वर्षांनी, डिसेंबर १६६२ मध्ये, व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने नवा कायदा केला. या वसाहतीत जन्मणारं मूल गुलाम की स्वतंत्र, हे यापुढे फक्त आईच्या स्थितीवरून ठरेल.

मेख इथेच आहे. इंग्रजी कायद्यात अनौरस मुलाच्याही पोषणाचा भार बापावर टाकला जायचा. नव्या कायद्याने गोऱ्या बापाला त्या जबाबदारीतून सोडवलं आणि वर त्याचा फायदाही करून दिला. गुलाम बाईला मालकापासून मूल झालं, तर ते त्याच्याच मालमत्तेत जमा. जनावरांना जो नियम लागू होता तोच माणसांना लावला गेला: गाय ज्याची, वासरू त्याचं, वळू कुणाचा हे कुणी विचारत नाही. पुढे दक्षिणेतल्या इतर वसाहतींनी आणि नंतर नव्याने जोडल्या गेलेल्या राज्यांनी हाच नियम उचलला. १८६५ मध्ये गुलामगिरी संपेपर्यंत तो टिकला.

गुलाम स्त्रियांवरच्या अत्याचाराची गोष्ट सहसा मालकाच्या वासनेपासून सुरू केली जाते. मी मुद्दाम कायद्यापासून सुरू केली. वासना जगात सगळीकडेच असते. पण बलात्कारातून जन्मलेलं मूल बलात्कार करणाऱ्याच्या वहीत जमेच्या बाजूला लिहिलं जावं, त्याची बोली लागावी, ते गहाण टाकता यावं, मृत्युपत्राने नातवाला देता यावं, ही सोय कायद्याने करून दिली होती. ही सोय लक्षात घेतली नाही, तर पुढचं सगळं काही दुष्ट माणसांचे प्रताप वाटतात. प्रत्यक्षात तो त्या समाजाचा रोजचा व्यवहार होता.

काळ आणि जागा आधी नीट ठरवून घेऊ. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. त्याआधीच्या साठ-सत्तर वर्षांतली दक्षिणेकडची राज्यं हा आपला विषय: व्हर्जिनिया, उत्तर आणि दक्षिण कॅरोलिना, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना, टेक्सास आणि सीमेवरची केंटकी, मिसूरी, मेरिलँड. युद्धाच्या शेवटी गुलामगिरी संपली आणि त्यानंतर आठ वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली त्यांना अर्पण केली. त्या अर्पणपत्रिकेमुळे मराठी वाचकाला अमेरिकेतल्या गुलामांची तोंडओळख दीडशे वर्षांपासून आहे. त्यातल्या बायकांचं काय झालं, हे मात्र मराठीत फारच कमी सांगितलं गेलं आहे.

आता कापसाकडे वळू. १७९३ साली एली व्हिटनीने सरकीपासून कापूस वेगळा करणारं यंत्र तयार केलं. सरकी काढायचं वेळखाऊ काम झटपट होऊ लागलं, इंग्लंडच्या गिरण्यांची भूक वाढतच होती, आणि जॉर्जियापासून टेक्सासपर्यंत कापसाचे मळे पसरत गेले. वेचणीला हात हवे होते. पण १ जानेवारी १८०८ पासून परदेशातून गुलाम आणायला अमेरिकेने बंदी घातली. मग हात आले कुठून?

आकडेच सांगतात. आफ्रिकेतून थेट उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर उतरवली गेलेली माणसं, सगळी शतकं मिळून, साधारण ४ लाख. १७९० च्या जनगणनेत गुलामांची संख्या ७ लाखांच्या घरात होती. १८६० च्या जनगणनेत ती ३९ लाखांच्या पुढे गेली. चोरटी आयात थोडीफार होत राहिली, पण ही वाढ जवळजवळ सगळी गुलाम बायकांच्या पोटातून आलेली आहे. बंदीनंतर मळ्याची बरकत जेवढी जमिनीवर अवलंबून होती तेवढीच त्यांच्या बाळंतपणांवर.

मालकांना हे पक्कं ठाऊक होतं. ‘सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत’ हे वाक्य लिहिणारा थॉमस जेफरसन १८२० साली जावयाला लिहिलेल्या पत्रात सांगतो की दर दोन वर्षांनी मूल देणारी बाई ही मळ्यावरच्या उत्तम पुरुषापेक्षा जास्त फायद्याची. ती जे देते त्याने भांडवल वाढतं, पुरुषाची मेहनत मात्र खाण्यापिण्यातच संपून जाते. जमाखर्च पाहणाऱ्या माणसाने शांतपणे केलेलं हे हिशेबाचं विधान आहे. याच जेफरसनच्या घरी सॅली हेमिंग्ज नावाची गुलाम मुलगी होती. ती त्याच्या दिवंगत पत्नीची सावत्र बहीण, म्हणजे सासऱ्याला गुलाम बाईपासून झालेली लेक. १७८७ साली, चौदा वर्षांची असताना, ती जेफरसनच्या मुलीबरोबर पॅरिसला गेली. जेफरसन तेव्हा चाळिशी उलटलेला होता. तिला झालेल्या सहा मुलांपैकी चार जगली. त्यांचा बाप जेफरसनच होता हे तिच्या मॅडिसन नावाच्या मुलाने १८७३ साली जाहीरपणे सांगितलं. ते मान्य व्हायला १९९८ ची डीएनए चाचणी उजाडावी लागली. सॅलीने स्वतःहून हे स्वीकारलं का, असा प्रश्न आजही विचारला जातो. जिला नाही म्हणायचा अधिकारच नव्हता, तिच्या होकाराला काय अर्थ होता, हा प्रश्न त्याआधी विचारायला हवा असं मला वाटतं.

व्हर्जिनिया, मेरिलँडमधली तंबाखूची जमीन दमली होती. तिथल्या मालकांनी माणसं विकायला काढली. १७९० ते १८६० या काळात सुमारे १० लाख माणसं तिथून खालच्या कापूस आणि उसाच्या पट्ट्यात नेली गेली, कुणी मालकाबरोबर, पुष्कळशी व्यापाऱ्यांमार्फत. साखळ्यांनी जखडलेल्या रांगा शेकडो मैल पायी चालवल्या जायच्या. गुलामांच्या लग्नाला कायद्यात काहीच किंमत नव्हती, त्यामुळे नवऱ्यापासून बायको, आईपासून मूल तोडायला कसलीच अडचण नव्हती. गुलामांची लग्नं लावताना ‘मरेपर्यंत’ या शब्दापुढे ‘किंवा अंतर पडेपर्यंत’ असं जोडलं जायचं.

लिलावात बाईची तपासणी पुरुषापेक्षा वेगळी व्हायची. पाठीवर वळ आहेत का, दात कसे आहेत, हे दोघांचंही बघितलं जाई. बाईचं पोट आणि स्तन चाचपले जात, किती मुलं झाली, पुढे होतील का, हे उघड विचारलं जाई. भरपूर मुलं देणारी, अशी जाहिरात वर्तमानपत्रात छापून यायची. याशिवाय एक निराळा बाजार होता. उजळ रंगाच्या तरुण मुली ‘फॅन्सी’ या नावाखाली विकल्या जात, आणि त्या कशासाठी घेतल्या जातात हे विकणारा, घेणारा, बघणारा सगळ्यांना माहीत असे. शेतावर राबणाऱ्या धडधाकट पुरुषापेक्षाही त्यांची किंमत चढी असायची. न्यू ऑर्लिन्स ही या बाजाराची मोठी पेठ. उजळ रंग आला कुठून, तर आधीच्या पिढीतल्या बलात्कारांतून. एका पिढीवरचा अत्याचार पुढच्या पिढीची किंमत वाढवत होता.

मेरी आणि एमिली एडमन्सन या बहिणी त्या बाजारापर्यंत पोचल्या होत्या. एप्रिल १८४८ मध्ये वॉशिंग्टनमधून ‘पर्ल’ नावाच्या गलबतातून ७० हून जास्त गुलामांनी पळण्याचा प्रयत्न केला. गलबत पकडलं गेलं. या दोघी तेव्हा जेमतेम पंधरा आणि तेरा वर्षांच्या होत्या. व्यापाऱ्यांनी त्यांना विकत घेऊन न्यू ऑर्लिन्सला नेलं, पिवळ्या तापाच्या साथीमुळे परत आणलं, आणि त्यांच्या बापाने न्यूयॉर्कपर्यंत हेलपाटे घालून चर्चमधून वर्गणी जमवली, तेव्हा २,२५० डॉलर मोजून त्या सुटल्या. असा बाप, अशी वर्गणी किती जणींच्या वाट्याला आली असेल!

माणसांची पैदास वाढवायला जोड्या जुळवणारे मालकही होते. सगळ्याच मळ्यांवर हे चालत होतं असं म्हणता येणार नाही, पण साक्षी स्पष्ट आहेत. १९३६ ते १९३८ या काळात अमेरिकी सरकारने गुलामी भोगलेल्या वृद्धांच्या २,३०० हून जास्त मुलाखती लिहून घेतल्या. त्यात टेक्सासची रोझ विल्यम्स आहे. ती सोळाएक वर्षांची असताना मालकाने तिला रूफस नावाच्या गुलामाच्या खोपटात राहायला सांगितलं. तिला वाटलं, स्वयंपाकपाणी बघायला सांगितलं असेल. रात्री तो बिछान्यात आला तेव्हा तिने त्याला लाथेने खाली पाडलं आणि चुलीतली सळई उचलून त्याच्या डोक्यात हाणली. पुढे मालकाने सुनावलं: मी तुझ्यासाठी मोठी रक्कम मोजली आहे, मला तुझ्यापासून पोरं हवीत, ऐकायचं नसेल तर खांबाला बांधून फटके खा. याच मालकाने तिच्या आईबापांनाही लिलावात एकत्र विकत घेऊन ताटातूट टाळली होती. ते आठवून ती गप्प बसली. गुलामगिरी संपल्यावर तिने पुन्हा कधी लग्न केलं नाही.

जिचं बाळंतपण इतकं मोलाचं, तिला निदान बाळंतपणात तरी जपत असतील असं कुणालाही वाटेल. फॅनी केंबल ही इंग्लंडमधली नामवंत नटी. पिअर्स बटलर या अमेरिकी श्रीमंताशी तिचं लग्न झालं, आणि १८३८-३९ च्या हिवाळ्यात ती नवऱ्याच्या जॉर्जियातल्या भाताच्या आणि कापसाच्या मळ्यांवर राहिली. तिथल्या बायका तिच्याकडे येऊन एकच मागणं मागत: बाळंतपणानंतर थोडी जास्त विश्रांती द्या. सव्वा महिना दूरच राहिला, तीन आठवड्यांत कुदळ घेऊन शेतावर उभं राहावं लागत होतं. कुणाला किती मुलं झाली आणि किती गेली, हे केंबलने रोजनिशीत एकेकीचं नाव घेऊन टिपलं आहे. फॅनी नावाच्या एकीला सहा मुलं झाली, पाच गेली. पाच-सहा मुलं पुरलेल्या, दोन-चारदा गर्भ पडलेल्या बायका त्या यादीत आहेत. गाऱ्हाणी आणून त्रास देऊ नकोस, असं नवऱ्याने तिला बजावलं. पुढे घटस्फोट झाला आणि १८६३ साली तिने ती रोजनिशी छापली. गर्भार बाईला फटके मारायचे तर पोटासाठी जमिनीत खड्डा करून तिला पालथं झोपवायचे, हे अनेक गुलामांनी वेगवेगळ्या राज्यांतून, एकमेकांना न भेटता सांगितलं आहे. खड्डा पोटातल्या मुलासाठी होता. ते मालकाचं होतं.

कायदा यात कुठे होता? तो सगळीकडे होता. १८२९ साली उत्तर कॅरोलिनात जॉन मॅन नावाच्या माणसाने भाड्याने घेतलेल्या लिडिया नावाच्या गुलाम बाईवर, ती मार चुकवून पळत होती म्हणून, मागून गोळी झाडली. खालच्या कोर्टाने त्याला दोषी धरलं. वरच्या कोर्टातले न्यायमूर्ती थॉमस रफिन यांनी तो निकाल फिरवला आणि लिहिलं की गुलामाने पूर्ण शरण यावं यासाठी मालकाची सत्ता अमर्याद असायलाच हवी. १८५९ साली मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांच्या आतल्या एका गुलाम मुलीवरच्या बलात्काराचा खटला रद्द केला. आरोपी स्वतः गुलाम होता, मालक नव्हे. तरीही रद्द, कारण गुलाम मुलीवर बलात्कार हा गुन्हा राज्याच्या कुठल्याच कायद्यात बसत नव्हता. पुढच्या वर्षी तिथे कायदा झाला. तोही फक्त काळ्या पुरुषाने बारा वर्षांखालच्या काळ्या मुलीवर केलेल्या बलात्कारापुरता. गोऱ्या पुरुषाचा त्यात उल्लेख नाही.

मिसूरीतल्या सेलियाचा खटला मात्र जरा थांबून बघण्यासारखा आहे.

१८५० च्या सुमारास कॅलावे काउंटीतला (काउंटी म्हणजे जिल्हा) रॉबर्ट न्यूसम हा साठीकडे झुकलेला विधुर शेतकरी शेजारच्या काउंटीत गेला आणि चौदा वर्षांची सेलिया विकत घेऊन आला. घरी परतायच्या वाटेवरच त्याने तिच्यावर बलात्कार केला. घराजवळच तिच्यासाठी मोठी चूल असलेलं एक वेगळं खोपट बांधलं. पुढची पाच वर्षं हे चालू राहिलं. तिला दोन मुलं झाली. न्यूसमच्या मोठ्या झालेल्या मुली त्याच आवारात राहत होत्या. दरम्यान जॉर्ज नावाच्या गुलामाशी तिचं जुळलं. १८५५ मध्ये ती पुन्हा गरोदर राहिली, आजारी पडली. जॉर्जने बजावलं की म्हाताऱ्याला थांबव, नाहीतर मी तुझा नाही. थांबवायची सत्ता तिच्याकडे नव्हती हे जॉर्जलाही ठाऊक असणार. ती न्यूसमच्या मुलींकडे गेली, मी आजारी आहे, त्यांना सांगा, म्हणाली. त्यातून काही निघालं नाही. तिने स्वतः न्यूसमला सांगितलं, येऊ नका, आलात तर मारीन. २३ जूनच्या रात्री तो आला. कोपऱ्यात तिने एक जाड दांडकं आणून ठेवलं होतं. दोन घाव बसले आणि तो मेला. रात्रभर चूल पेटवून तिने प्रेत जाळलं. सकाळी राख काढायला न्यूसमच्याच नातवाला बोलावलं आणि त्या बदल्यात त्याला दोन डझन अक्रोड दिले. राख त्याने नेऊन टाकली. त्यात आजोबा आहेत हे त्या पोराला माहीत नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये खटला उभा राहिला. ज्युरीत बारा गोरे पुरुष. गुलामाला गोऱ्याविरुद्ध साक्ष देता येत नसे, म्हणून सेलियाला स्वतःची हकीकत कोर्टात सांगता आली नाही. जे कळलं ते तिची चौकशी करणाऱ्यांच्या तोंडून. बचावाचे वकील जॉन जेम्सन यांना कोर्टाने नेमलं होतं, पण त्यांनी मनापासून केस लढवली. मिसूरीत १८४५ चा कायदा होता: ‘कोणत्याही स्त्री’वर बळजबरी करणं गुन्हा आहे. बळजबरी रोखताना माणूस मेला, तर तो खून ठरत नाही. जेम्सन यांचं म्हणणं एवढंच होतं की ‘कोणत्याही स्त्री’मध्ये गुलाम स्त्रीही येते, आणि ज्युरीला तसं सांगावं. न्यायाधीश विल्यम हॉल यांनी ते नाकारलं. मालक तिच्या खोपटात कशासाठी आला होता, याने गुन्ह्यात काही फरक पडत नाही, असं ज्युरीला सांगण्यात आलं. ती दोषी ठरली. तुरुंगात तिला मृत मूल झालं. २१ डिसेंबर १८५५ ला फुल्टन गावी तिला फाशी दिली. ती एकोणीस वर्षांची होती.

या निकालाने काय केलं ते पाहा. न्यूसम तिच्या खोपटात शिरला तेव्हा कायद्याच्या लेखी ती वस्तू होती, तिच्यावर बलात्कार होऊच शकत नव्हता. तिने दांडकं उचललं त्या क्षणी ती माणूस झाली, खुनाची जबाबदार. संरक्षणासाठी वस्तू आणि शिक्षेसाठी माणूस, ही दुहेरी मोजपट्टी दक्षिणेच्या न्यायालयांत सगळीकडे चालत होती, आणि ती चालवणारी माणसं शिकलेली, देवळात जाणारी, कायद्याला धरून वागणारी होती.

प्रतिकाराचा दुसरा मार्ग हॅरिएट जेकब्जचा. तिचा जन्म १८१३ चा, गाव उत्तर कॅरोलिनातलं ईडंटन. पहिल्या मालकिणीने तिला लिहावाचायला शिकवलं आणि मरताना भाचीच्या नावावर करून टाकलं. भाची होती तीन वर्षांची, म्हणजे खरा मालक झाला तिचा बाप, डॉक्टर जेम्स नॉर्कम. हॅरिएट पंधरा वर्षांची झाली तेव्हापासून तो तिच्या मागे लागला. कानात घाणेरडं बोलायचा, चिठ्ठ्या द्यायचा, गावाबाहेर तिच्यासाठी वेगळं घर बांधायला निघाला. त्याच्या बायकोला सगळं दिसत होतं. तिचा राग नवऱ्यावर निघायचा नाही, हॅरिएटवर निघायचा. रात्री ती हॅरिएटच्या उशाशी येऊन उभी राहायची. हॅरिएटने शेवटी गावातल्याच सॅम्युएल सॉयर या अविवाहित गोऱ्या वकिलाशी संबंध जोडला. पुढे तो अमेरिकी काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, सदस्य झाला. नॉर्कमच्या हातात पडण्यापेक्षा हे बरं, असा तिचा विचार होता. मुलं झाली दोन, आणि कायद्याने तीही नॉर्कमच्या घरची मालमत्ता. १८३५ मध्ये मुलांना मळ्यावर राबायला आणणार हे कळलं, तेव्हा ती पळाली. नॉर्कमने १०० डॉलर बक्षिसाची जाहिरात दिली.

ती गावातच होती. तिची आजी मॉली स्वतंत्र झालेली होती, बेकरी चालवायची. तिच्या घराला लागून असलेल्या कोठारावर छपराखाली एक पोकळी होती: नऊ फूट लांब, सात फूट रुंद, आणि सर्वांत उंच जागी तीन फूट. तिथे ताठ बसताही येत नव्हतं. उजेड नाही, उंदीर अंगावरून जायचे, उन्हाळ्यात छपरातून राळ टपकायची. या जागेत हॅरिएट जवळजवळ सात वर्षं राहिली. तिने भिंतीला इंचभर भोक पाडलं. त्यातून खाली खेळणारी आपली मुलं दिसायची. त्यांना तिचा पत्ता नव्हता. नॉर्कमला चकवण्यासाठी ती पत्रं लिहून ओळखीच्या माणसाकडून न्यूयॉर्कहून टाकायला लावायची. तो तिला शोधत उत्तरेत, जिथे गुलामगिरी मोडीत निघाली होती तिथे, जाऊन आला. १८४२ मध्ये ती जहाजातून फिलाडेल्फियाला पोचली. १८६१ साली तिने टोपणनावाने आपली कहाणी छापली. त्यात एक वाक्य आहे: गुलामगिरी पुरुषांसाठी भयंकर आहे, पण स्त्रियांसाठी ती त्याहून कितीतरी भयंकर आहे. हे कुणा गोऱ्या बाईने रचलेलं असणार असं शंभरहून अधिक वर्षं मानलं गेलं. १९८० च्या दशकात जीन फॅगन येलिन या अभ्यासक बाईंनी पत्रं आणि दप्तरं धुंडाळून एकेक नाव, एकेक घर जुळवून दाखवलं, तेव्हा तो प्रश्न मिटला.

नॉर्कमबाईसारख्या मालकिणींबद्दल दक्षिण कॅरोलिनाची मेरी चेस्नट, जी स्वतः अशाच एका मोठ्या घरातली, १८६१ च्या रोजनिशीत लिहिते: शेजारच्या प्रत्येक घरातल्या मिश्र रंगाच्या मुलांचा बाप कोण हे प्रत्येक बाई तुम्हाला सांगेल, तिच्या स्वतःच्या घरातली मात्र जणू आकाशातून पडली. या मालकिणींची दया येण्याआधी हेही ध्यानात घ्यावं की अनेक गुलाम बायका त्यांच्याच नावावर होत्या, हुंड्यासारख्या माहेरून आलेल्या, आणि त्यांच्या मुलांना अंगावर पाजण्यासाठी आपलं तान्हं बाजूला ठेवणाऱ्याही.

वैद्यकालाही हे शरीर फुकट मिळालं. १८४५ ते १८४९ या काळात अलाबामातल्या माँटगोमेरी गावी डॉक्टर जे. मॅरियन सिम्स यांनी अनार्का, बेट्सी, ल्युसी आणि आणखी काही गुलाम बायकांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग केले. अडलेल्या बाळंतपणात मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये भोक पडतं, लघवी सतत गळत राहते. ते शिवायचं कसं, हे त्यांना शोधायचं होतं. भूल न देता. ल्युसीवरची पहिली शस्त्रक्रिया तासाभराच्या आसपास चालली, बघायला डॉक्टर जमले होते. अनार्कावर तिसाच्या आसपास शस्त्रक्रिया झाल्या. संमती मालकांची होती. सिम्स पुढे स्त्रीरोगशास्त्राचे जनक म्हणून गाजले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्यांचा पुतळा २०१८ मध्ये हलवण्यात आला, आणि २०२१ मध्ये माँटगोमेरीत या तिघींची शिल्पं उभी राहिली.

बायका गप्प बसल्या नव्हत्या. कापसाच्या झाडाच्या मुळीची साल चघळून गर्भ राहू न देण्याचा किंवा पाडण्याचा उपाय त्यांच्यात होता. दक्षिणेतल्या डॉक्टरांनी त्याविषयी तक्रारी लिहून ठेवल्या आहेत. मार्गारेट गार्नर या गुलाम बाईने जानेवारी १८५६ मध्ये केंटकीतून गोठलेली ओहायो नदी ओलांडून गुलामगिरी नसलेलं ओहायो राज्य गाठलं. तिथल्या सिनसिनाटी शहरात पकडणाऱ्यांनी घर वेढलं, तेव्हा तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीला मारून टाकलं, ती परत नेली जाऊ नये म्हणून. मुलीचा रंग फार उजळ होता. मार्गारेटवर खुनाचा खटला चालवावा असं उत्तरेतल्या गुलामगिरीविरोधकांना वाटत होतं, कारण खुनाचा खटला चालला तर कायद्याला तिला माणूस मानावं लागलं असतं. कोर्टाने तिला पळालेली मालमत्ता ठरवून मालकाच्या ताब्यात दिलं.

या बायकांपैकी बहुतेकींना लिहायला येत नव्हतं. अनेक राज्यांत गुलामांना शिकवणं हाच गुन्हा होता. ज्यांना बोलता आलं त्यांनीही सगळं सांगितलं नाही. १९३० च्या दशकातल्या मुलाखतींत वृद्ध बायका समोरच्या गोऱ्या माणसापुढे विषय बदलताना दिसतात. म्हणून इतिहासकारांना मालकांच्याच खतावण्या, मृत्युपत्रं, जाहिराती, कोर्टाची कागदपत्रं उलटी वाचावी लागतात. एक कागद मात्र कुणालाच जाळता आला नाही. आजच्या आफ्रिकन-अमेरिकन लोकांच्या जनुकांत सरासरी एक पंचमांश ते एक चतुर्थांश वाटा युरोपीय वंशाचा आहे आणि त्यातला फार मोठा भाग पुरुषांच्या बाजूने आलेला आहे.

कायद्यासमोर उभं राहून बोलायची संधी या स्त्रियांना १८६६ मध्ये मिळाली. त्या वर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला टेनेसीतल्या मेम्फिस शहरात गोऱ्या जमावाने, ज्यात पोलीसही होते, तीन दिवस काळ्या वस्त्यांवर हल्ले केले. ४६ काळी माणसं मारली गेली, घरं, शाळा, चर्च जाळली गेली, बायकांवर बलात्कार झाले. काँग्रेसची समिती चौकशीला आली. ल्युसी स्मिथ, ल्युसी टिब्स, हॅरिएट आर्मर, रिबेका अ‍ॅन ब्लूम, फ्रान्सिस थॉम्पसन यांनी शपथेवर साक्ष दिली. टिब्स गरोदर होती. तिने सांगितलं की त्यांनी ठार मारायची धमकी दिली, म्हणून मला झुकावं लागलं. तुम्ही प्रतिकार केला का, असं समितीने काहींना विचारलंच. शिक्षा कुणालाही झाली नाही. पण साक्षी सरकारी अहवालात छापल्या गेल्या, नावांसह, त्यांच्या स्वतःच्या शब्दांत.